हलू नका

८ सप्टेंबर

बियाणे कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आठ महिने कोरीच पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाला शेतीचा एक सल्ला छापलेला आहे. आजचा सल्ला: मिरचीवर फुलकिडे दिसताच निळे चिकट सापळे लावा. मला सापळे लावायचे नाहीत. पण अक्षताच्या लग्नाची तारीख ठरली आहे, पंचवीस नोव्हेंबर, आणि मुलीचं लग्न म्हणजे शंभर भानगडी. लिहून ठेवलेलं बरं.

लिहिणाऱ्याचं नाव राधेश्याम, वय चोपन्न. हसनाबादला बसस्टँडसमोर ‘अक्षता फोटो स्टुडिओ’. एकतीस वर्षं झाली. आधी पाटीवर नुसतं ‘फोटो स्टुडिओ’ होतं, मुलगी झाल्यावर दुकानालाही नाव मिळालं. माझ्या फोटोत भुवईचा केस न केस मोजून घ्या. पिकाच्या पंचनाम्याला लोक मलाच नेतात, कारण पानावरची अळी जागी आहे की झोपली आहे तेही माझ्या फोटोत कळतं. मंत्र एकच: हलू नका. या भागातली दोन पिढ्यांची लग्नं मी या दोन शब्दांवर लावली, भटजींनी फक्त मंगलाष्टका म्हटल्या. शोकेसमध्ये पुतण्याच्या लग्नाचा मोठा ग्रुप फोटो आहे. एकतीस माणसं आणि एकही हललेलं नाही. गिऱ्हाईक आधी तो बघतं, मग आत येतं.

काल साखरपुडा झाला. दोनशे चौदा फोटो काढले. आज बघायला बसलो तर नंदा एकाच फोटोत. तीही सगळी नाही, पेढ्यांचं ताट धरलेला हात तेवढा. हात मात्र क्लिअर आला आहे. नवरीची आई म्हटल्यावर कामात असणारच.

११ सप्टेंबर

अक्षताने सासरी पाठवायला फोटो निवडायला घेतले आणि दहाव्या मिनिटाला माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पप्पा, आई कुठंय?”

“शेतात.”

“फोटोत कुठंय म्हणून राह्यले मी.”

मी ताटाचा फोटो दाखवला. तिला तो पसंत पडला नाही. शहागडच्या पाहुण्यांना काय ताटाची ओळख करून देऊ का, म्हणाली. मग तिने मागच्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो बाहेर काढले. बारसं, वास्तुशांती, तातेरावांच्या म्हणजे माझ्या मेहुण्याच्या घरची साठीशांत. तीन वर्षांत नंदा एकाही फोटोत नाही.

त्याचं कारण मला माहीत आहे. तीन वर्षांपासून तिची मान हलते. बारीकशी, डावी-उजवी, कुणी आग्रह करत असताना नको नको म्हणावं तशी. जालन्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, जिवाला बिलकुल धोका नाही, फक्त सवय करून घ्या. तिने करून घेतली, मीही करून घेतली. हात तिचे दगडासारखे स्थिर आहेत, कामधंदा, स्वयंपाक सगळं जसंच्या तसं. फोटोत तेवढी ती येत नाही.

संध्याकाळी ती शेतातून आली. मागच्या दारानेच येते, पुढून दुकानातून कधी येत नाही, मागचं दार शेताच्या वाटेवर पडतं. अक्षताने तिला सरळ विचारलं.

“माझा फोटो हालतो माय,” नंदा म्हणाली, “कशाला चांगल्या अल्बमची खराबी?”

“मंग लग्नाचा ग्रुप फोटो काढायचाच न्हाई. आई न्हाई तर फोटो न्हाई.”

आमच्या मुलीने शब्द टाकला की तो उचलायला जेसीबी लागतो. मी तिला म्हणालो, अगं, एकतीस वर्षांचा अनुभव काय चुलीत घालायला आहे? यावर इलाज आहे.

१५ सप्टेंबर

इलाज केला. हिशोब सोपा आहे. मान हलते त्याच्या दहापट जल्दी शटर पडलं पाहिजे. दोन फ्लॅश लावले, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं. एवढ्यात उडती माशीसुद्धा थांबते. नंदाला सांगितलं की नवीन दिवा आणलाय, उजेड तपासायला जरा बस. कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने तोंडातून गेलं, हलू नकोस.

फोटो असा आला की विचारू नका. पापणीचे केस, नाकातल्या चमकीचा खडा, पदराचा धागा, सगळं मोजून घ्या. एवढंच की मान एका बाजूला जात असताना पकडली गेली, त्यामुळे चेहरा शेजारणीशी भांडण अर्ध्यावर सोडल्यासारखा दिसतो. एक डोळा अर्धा मिटलेला. पण क्लिअर. शंभर टक्के क्लिअर.

नंदाने स्क्रीनवर बघितलं.

“ही कोन?” म्हणाली, आणि भाकरी टाकायला निघून गेली.

आता ही कोण म्हणजे काय? तीच की. बायकांना स्वतःचा फोटो कधी पसंत पडत नाही, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

१६ सप्टेंबर

नंदा बोलत नाही. आजच्या ठेच्यात मिरच्या किती होत्या ते सांगता येणार नाही, पण कंपनीच्या बियाण्याची पारख झाली.

२४ सप्टेंबर

आज एक फोटो बिघडला, त्याची नोंद.

पत्रिकेचा मजकूर दाखवायचा होता म्हणून शेतात गेलो. आमचं वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे, कंपनीसाठी मिरचीचं बियाणं करतो. म्हणजे नंदा करते. आदल्या दिवशी दुपारी चिमट्याने कळी सोलून तिच्यातला नर काढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, आणि ओळखू यावं म्हणून देठाला दोरा बांधायचा. कळी असते हरभऱ्याएवढी. जरा जोर झाला की तुटली. शेजारच्या कांताबाई मदतीला असतात, त्या म्हणाल्या, “भाऊ, वैनीची बरोबरी करनं कुनाचं काम न्हाई. मी एक कळी सोलते तवर तिच्या तीन.”

मी हे कधी उभं राहून बघितलं नव्हतं. बाहेर ऊन रणरणतं होतं आणि जाळीच्या आत मऊ उजेड, सावलीच कुठे पडत नाही असा. स्टुडिओत असा उजेड करायला मला चार छत्र्या लागतात. नंदा ओळीत वाकलेली. मान हलत होती, नेहमीसारखी. आणि त्या हलत्या मानेखाली दोन्ही हात असे थांबलेले की चिमट्याचं टोकसुद्धा जागचं हलत नव्हतं. मी आपला बघत राहिलो. पत्रिका हातातच राहिली.

कॅमेरा गळ्यात होताच. आत उजेड कमी, शटर आपोआप लांबलं, आणि मीही कधी नव्हे ते नीट न बघता बटण दाबलं. चिमटा, बोटं, कळी क्लिअर. चेहरा साफ हललेला. नवशिक्यासारखी चूक. डिलीट करायला घेतला, पण तेवढ्यात नंदाने वर बघितलं आणि पत्रिकेवर तिच्या माहेरच्या देवाचं नाव नाही म्हणून हजेरी घ्यायला लागली. डिलीट करायचं राहून गेलं.

२६ सप्टेंबर

अक्षताने तो फोटो कॉम्प्युटरवर बघितला आणि मला न विचारता बारा बाय अठराचा प्रिंट काढला. चांगला कागद वाया. आम्ही भांडलो. म्हणजे ती बोलली आणि मी कागदाचा दर सांगत राहिलो.

ती दोन वर्षं संभाजीनगरला फोटोग्राफी शिकली आहे. तिथे त्यांना फोटो बिघडवायला शिकवतात असं माझं मत आहे. हल्ली लग्नाआधीच्या शूटिंगला पोरं येतात, तीही म्हणतात, काका, मागचं सगळं उडवून टाका. मी विचारतो, मागे तुझं गाव आहे बाबा, ते कशाला उडवायचं? 

“पप्पा, फोकस म्हणजे काय?” तिने विचारलं.

“फोकस म्हणजे डोळ्यावर. माणसाचा फोटो असला की डोळ्यावर. हे शेंबडं पोरही सांगेल.”

“आन् तुम्ही परवा इथं कुठं केला? हातावर. का केला?”

“हात पुढं होते म्हणून.”

“न्हाई. तुम्ही हात बघून राह्यले होते म्हणून. जे बघितलं ते क्लिअर आलं. बाकी हललं, तर हललं. आईची मान हलती, ते तुम्ही लपवायला बघता, आन् ह्या फोटोत ते लपवलं न्हाई, म्हणून ती आई वाटती. तुमच्या त्या हजाराव्या सेकंदाच्या फोटोत सगळं क्लिअर हाय, फक्त आई न्हाई.”

मुलगी लग्न ठरल्यापासून फार बोलते.

नंदा आली तेव्हा प्रिंट टेबलावरच होता. मला वाटलं, आता पुन्हा आठ दिवस ठेचा. तिने चष्मा पुसला, प्रिंट उजेडाकडे धरला, खूप वेळ बघितला.

“तिसऱ्या ओळीतलं हाय हे झाड,” म्हणाली. मग, “हात बराबर आलेत.”

प्रिंट आत घेऊन गेली. कपाटात साड्यांवर ठेवलेला मी नंतर पाहिला. तिला खरंच आवडला, की माझं मन राखलं, ते मला समजलं नाही.

१२ ऑक्टोबर

दिवाळीची सफाई. मी दुकान काढलं, नंदा आणि अक्षताने घर. शोकेस धुतली. पुतण्याच्या लग्नाचा मोठा फोटो खाली उतरवून काच पुसत होतो. अक्षताच्या लग्नाला माणसं किती ओळीत बसवायची याचा अंदाज घ्यावा म्हणून सहज मोजत गेलो. भाऊ, भावजय, तातेराव, पुष्पाआत्या, त्यांची नातवंडं. एकतीस. मी कॅमेऱ्यामागे, म्हणजे बत्तीस. आमच्या जवळच्या घरांत त्या वर्षी माणसं तेहतीस होती.

पुन्हा मोजलं. मग खाली जमिनीवरच बसलो.

मला आठवलं. मांडवात ऊन तिरपं झालेलं, सगळे ओळीने उभे, आणि नंदा दुसऱ्या ओळीत. नुकताच तिचा त्रास सुरू झाला होता, आम्हाला कुणाला नीट माहीतही नव्हतं. मी ओरडलो, नंदा, हलू नकोस. पुन्हा ओरडलो. लोक हसले. मी काढलेले चार फोटो हललेले निघाले आणि पाहुण्यांना गाडीची घाई होती. मग मी काही तरी म्हणालो, आणि पाचवा फोटो झकास आला. काय म्हणालो ते आठवत नाही. पण ती त्या फोटोत नाही, आणि त्यानंतर कुठल्याच फोटोत नाही.

हा फोटो मी तीन वर्षं शोकेसमध्ये लावला. माझं सगळ्यात चांगलं काम म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. माझ्या बायकोला घराच्या पुढच्या दाराने यायचं तर तो ओलांडून यावं लागलं असतं.

मला फार लाज वाटली. आताही लिहिताना वाटते आहे. फोटो मी पुन्हा लावला नाही.

१३ ऑक्टोबर

आज विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती, मीही शेजारी बसून फोडायला लागलो, म्हणजे बघायचं कुठे हा प्रश्न सुटला.

“पुतण्याच्या लग्नात मी तुला काय म्हणालो होतो?”

“कवा?”

“ग्रुप फोटोच्या वेळी.”

ती शेंगा फोडत राहिली. मला वाटलं विसरली असेल.

“चारदा म्हनले हलू नको. मंग म्हनले, तू जरा बाजूला व्हय, तुझ्यापायी सगळ्यांचा फोटो खराब होऊन राह्यला.” तिने टरफलं सुपात ढकलली. “मी झाले बाजूला. बराबरच व्हतं तुमचं. फोटो लय चांगला आल्ता.”

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, चुकलं माझं. एवढंच म्हणता आलं. मग मी शेंगा फोडायच्या सोडून टरफलंच फोडत बसलो. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

मग तिनेच विचारलं. “मंग आता लग्नात काय पायजे तुमाला? फोटो क्लिअर पायजे, का मी पायजे? दोन्ही न्हाई व्हनार, मला म्हाईत हाय. एक सांगा.”

मी लगेच म्हणालो, तू.

“बगू,” म्हणाली. “अजून लय दिवस हायेत. तोंडानं म्हननं वेगळं.”

४ नोव्हेंबर

तोंडाला वळण लावतो आहे. तीन आठवडे झाले, ‘हलू नका’ म्हणायचं नाही असं ठरवलंय आणि रोज दहा वेळा म्हणतो. आज एक मास्तर पासपोर्ट फोटोला आले. शब्द ओठावर आला, गिळला, आणि घाईत तोंडातून निघालं, “हला.” मास्तर बिचारे हलले. तीनदा काढावा लागला.

आतून ऐकताना नंदाला हसू आवरेना. पण लग्नाच्या फोटोबद्दल अजून हो म्हणत नाही. मीही विचारत नाही. अक्षता रोज एकदा मला डोळ्यांनी विचारते आणि मी रोज एकदा मिरचीकडे बघतो.

२६ नोव्हेंबर

काल अक्षताचं लग्न झालं. पोरगी सासरी गेली. घर एवढं मोठं आहे हे आजवर माहीत नव्हतं. जेवण जात नाही, पण रडलो नाही, म्हणजे फारसं नाही. ग्रुप फोटोचं लिहून ठेवतो.

पाठवणीच्या आधी, ऊन उतरल्यावर फोटो ठरला होता. बाकीच्या लग्नाला मी भोकरदनचा एक फोटोग्राफर लावला होता, पण हा फोटो माझा. तिकाटणं रोवलं, कॅमेरा चढवला, टायमर दहा सेकंद. दोन्हीकडचे मिळून चव्वेचाळीस लोक. फ्लॅश काढून पिशवीत ठेवला, कारण फ्लॅशने ती पुन्हा मधेच अडकली असती, त्या शेजारणीच्या भांडणासारखी. शटर ठेवलं पाव सेकंद. इतका सैल हात मी ग्रुप फोटोला जन्मात ठेवला नव्हता. चव्वेचाळीस माणसं पुन्हा एकत्र कुठे मिळतात?

सगळे ओळीने उभे राहिले. नंदा नव्हती.

“ताई सैपाकाकडं असंल, घ्या उरकून,” तातेराव म्हणाले. “पाहुन्याला लांब जायचंय.”

अक्षता खुर्चीवरून उठून उभी राहिली. जावई तिच्याकडे बघून उठले. मग व्याही उठले, विहीणबाई उठल्या. शहागडची माणसं चांगली आहेत. मी कॅमेऱ्यापासून हललो नाही. हाकही मारली नाही. तिला माइकवरून बोलावणं फार सोपं होतं, माइक शेजारीच होता. पण मागे एकदा मी तिला सगळ्या मांडवादेखत नावाने ओरडलो होतो. मी अक्षताच्या शेजारची जागा हाताने दाखवली, ती रिकामी ठेवा म्हणून सांगितलं, आणि म्हणालो, “नंदा आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. रात्र झाली तरी चालेल.”

हे मी जरा मोठ्याने म्हणालो असेन. ती मांडवाच्या खांबाआड होती, पदराला हात पुसत. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. आली. चव्वेचाळीस माणसांसमोरून चालत आली, मान हलवत, आणि लेकीच्या शेजारी उभी राहिली.

“सगळे नीट उभे राहा रे, हलू नका!” तातेराव ओरडले. माझाच शब्द, तीस वर्षं ऐकून सगळ्यांना पाठ झालेला.

“हललं तरी चालतंय,” मी म्हणालो, बटण दाबलं आणि माझ्या जागेकडे पळालो. नंदाच्या पलीकडे माझी जागा होती. दिवा लुकलुकत होता. मग क्लिक झालं.

एकच फोटो. दुसरा काढू म्हणायचा धीर झाला नाही, आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

२९ नोव्हेंबर

आज धीर करून तो फोटो मोठा करून बघितला. नंदाही शेजारी येऊन बसली, स्टूल ओढून. पुढच्या दाराने आली होती.

कडेपासून बघत गेलो, जुनी सवय. शहागडचे लोक क्लिअर. तातेराव क्लिअर, मिशीसकट. पुष्पाआत्यांच्या मांडीवरचं पोरगंसुद्धा क्लिअर, हे नवलच. अक्षताच्या मुंडावळीतला मोती न मोती दिसतो. तिच्या शेजारी नंदा. अंगावरची साडी, काठ, लेकीच्या खांद्यावर ठेवलेला हात, सगळं जागच्या जागी, आणि चेहरा हललेला. पण हसते आहे, ते हललेल्यातही कळतं. तीन वर्षांत मी हा चेहरा कागदावर बघितला नव्हता. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग तिच्या शेजारी बघितलं, तर तिथेही एक माणूस साफ हललेला. कान कुठे, नाक कुठे, पत्ता नाही. फेट्यावरून ओळखला. मी.

असं कसं झालं ते मला सांगता येईना. पळत आलो होतो हे खरं, पण क्लिक व्हायच्या आत जागेवर उभा राहिलो होतो, पक्कं आठवतं. समोर बघायचं सोडून मी तिच्याकडे वळलो असणार. टायमरच्या फोटोत समोर बघायचं, हे मी हजार लोकांना शिकवलं आहे. एकतीस वर्षांत माझा स्वतःचा फोटो कधी हलला नव्हता. चव्वेचाळीसावर दोन माणसं होतो आम्ही, आणि नेमकी तीच दोन बिघडली. नंदाला म्हणालो, बघ, माझ्यापायी फोटो खराब झाला.

तिने चष्मा वर केला, स्क्रीनच्या अगदी जवळ गेली, माझ्या जागी जे काही धुरकट होतं ते बोटाने चाचपून बघितलं आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

“राहू द्या तसाच,” म्हणाली. “तीन वर्सं झाले, मी एकलीच हालून राह्यल्ते.”